दारात येणारी सासवडची भाजी : ग्राहकांसाठी थोडी माहिती

नमस्कार. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी हिरव्या ताडपत्रीचा छोटा हत्ती उभा असतो, तो आमचा. तिथं रोज विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांना गर्दीत धड उत्तर देता येत नाही, म्हणून हा कागद.

माल पुरंदर तालुक्यातला, सासवडच्या आसपासच्या गावांतला. पालेभाजी आदल्या संध्याकाळी उपटून, जुड्या बांधून ओल्या गोणपाटाखाली ठेवतात. वांगी, भेंडी, गवार पहाटे तोडतात आणि दिवे घाट उतरून गाडी सातच्या आत हडपसरात येते. पावसाळ्यात मटार आणि सीताफळ, उन्हाळ्यात मिठ्या बहाराचे अंजीर. बटाटा तेवढा आंबेगावकडचा, सातगाव पठारावरचा. तो संपला की आमच्याकडे बटाटा नसतो.

स्वस्त कसं परवडतं? मार्केट यार्डात भाव निघतो तो दहा किलोचा, पालेभाजीचा शेकड्याचा. तिथून अडत्या, खरेदीदार, किरकोळ विक्रेता असे हात बदलत भाजी तुमच्याकडे येते. दर हाताला हमाली, तोलाई, वाहतूक, वर नासधूस. 2016 मध्ये सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि बाहेर थेट विकायची वाट झाली. आम्ही शेतकऱ्याला त्या दिवशीच्या यार्डातल्या भावापेक्षा थोडं जास्त देतो, तुमच्याकडून कोपऱ्यावरच्या भावापेक्षा थोडं कमी घेतो. मधल्या पैशात डिझेल, दोन माणसं आणि आम्ही. टोमॅटोची आवक दाटली की हातगाडीवाला आमच्याहून स्वस्त असतो, तेव्हा खुशाल त्याच्याकडून घ्या.

भाव पाटीवर खडूनं लिहिलेला, सगळ्यांना एकच. वर कोथिंबीर-मिरची फुकट घालायची रीत आम्हीही पाळत होतो. ती सोडली, कारण ती मिरचीही कुणीतरी वाकून तोडलेली असते. पाच रुपयांचीही देतो. काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे, बघायला मागायला संकोच नको.

मेथीबद्दल जरा सविस्तर. गेल्या पावसाळ्यात ताडपत्री गच्च आवळली आणि साठेक जुड्या आतल्या आत उबल्या. वरून हिरव्यागार, आत पिवळ्या. आमच्याही लक्षात न येता त्या विकल्या गेल्या, मग पैसे परत करावे लागले. आता क्रेटमध्ये जुड्या उभ्या लावतो, मध्ये वारा जाईल अशा. तरी शंका आली तर जुडीच्या मधोमध बोट घालून बघा. उबदार लागली तर घेऊ नका. घरी नेल्यावर दोरा सोडा, न धुता सुती फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. कांदा-बटाटा एका टोपलीत नको, बटाट्याला लवकर कोंब फुटतात.

प्लास्टिकची पिशवी मिळणार नाही, घरून आणा. पैसे रोख किंवा मोबाइलवरून, पण सकाळी सुटे नसतात. चाकवत, चुका, अंबाडी थोडीच येते. हवी असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत गाडीवरच्या नंबरवर कळवा, जुडी बाजूला ठेवतो. साडेनऊनंतर बहुतेक वांगी-बटाटेच उरलेले असतात.