बिघाडासकट उड्डाण: परवानगी नेमकी कोण देतं?

विमान सुटण्याआधी सरकारी अधिकारी ते तपासून जातो, असा अनेकांचा समज असतो. पण जगभरातली रोजची उड्डाणं लाखाच्या घरात; एवढे निरीक्षक आणायचे कुठून? विमान वाहतुकीचं सरकारी सुरक्षा प्राधिकरण मुख्यतः तपासणाऱ्यांना तपासतं. विमानांची तपासणी ते अधूनमधून, नमुन्यादाखल करतं.

कामाची वाटणीही त्याला धरूनच असते. वैमानिक-अभियंत्यांचे परवाने एका शाखेकडे, विमानाची उड्डाणयोग्यता दुसरीकडे, कंपन्यांचं उड्डाणसंचालन तिसरीकडे. विमानतळ आणि हवाई वाहतूक नियंत्रण आणखी वेगळं. या चौकटीचं मूळ नागरी विमान वाहतुकीच्या १९४४च्या आंतरराष्ट्रीय शिकागो करारात आहे. त्याची आज १९ परिशिष्टं आहेत. अपघाताची चौकशी मात्र प्राधिकरणाने करायची नाही, ती स्वतंत्र यंत्रणेकडे. चूक प्राधिकरणाच्याच मंजुरीत निघाली तर?

या शाखांची गुंतवळ सगळ्यात छान दिसते ती एमईएलमध्ये, म्हणजे 'मिनिमम इक्विपमेंट लिस्ट'मध्ये. काय बंद असतानाही विमान उडू शकतं, त्याची ही यादी. मूळ यादी विमानाच्या जन्मदेशातलं प्राधिकरण मंजूर करतं. तिच्यावरून प्रत्येक कंपनी स्वतःची बनवते. ती मूळ यादीपेक्षा कडक चालेल, सैल नाही. तिला मंजुरी कंपनीच्या देशातल्या प्राधिकरणाची. यादीत पंख नाहीत. उड्डाणयोग्यतेशी संबंध असलेली आणि यादीत नसलेली प्रत्येक गोष्ट चालूच हवी.

प्रत्येक बिघाडाला मुदत असते: बी वर्गाला ३ दिवस, सी वर्गाला १०, डी वर्गाला १२०, ए वर्गाची मुदत त्या-त्या नोंदीतच लिहिलेली. नोंदीचा दिवस धरत नाहीत. सोमवारी सकाळी टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाड-दुरुस्तीच्या नोंदवहीत, लिहिलेला बी वर्गाचा बिघाड गुरुवारी मध्यरात्रीपर्यंत चालतो. शिवाय अटी असतात. इंजिनावरचा एक जनरेटर बंद असेल, तर अनेक विमानांत शेपटातल्या एपीयूचा, म्हणजे छोट्या सहायक इंजिनाचा, जनरेटर चालू लागतो. म्हणजे सुटे दोन्ही बिघाड चालतात, एकत्र चालत नाहीत.

रिव्हर्सर म्हणजे उतरल्यावर इंजिनाचा झोत पुढे वळवणारी यंत्रणा. ती बंद असेल तर अभियंता तिला यांत्रिक कुलूप घालतो आणि वैमानिकाची कार्यपद्धती बदलते. १७ जुलै २००७ रोजी साओ पाउलोत असंच एक एअरबस ए३२० ओल्या धावपट्टीवर उतरलं. उजवा रिव्हर्सर नियमाप्रमाणे बंद ठेवलेला होता. दोन्ही थ्रस्ट लिव्हर, म्हणजे इंजिनांची ताकद कमी-जास्त करणारे दांडे, मागे ओढायचे होते; नोंदींनुसार उजवा पुढेच, क्लाइम्बवर (वर चढतानाच्या ताकदीवर) राहिला. त्यामुळे पंखांवरचे स्पॉयलर (उतरल्यावर उभ्या राहून विमानाची उचल मोडणाऱ्या फळ्या) उघडले नाहीत, स्पॉयलरवर अवलंबून असलेले ऑटोब्रेक लागले नाहीत, आणि उजवं इंजिन विमानाला पुढे रेटत राहिलं. १९९ माणसं गेली. आधीच्या कार्यपद्धतीत फक्त चालू बाजूचा रिव्हर्सर ओढायचा असे. बदललेल्या पद्धतीत दोन्ही लिव्हर.

अनेक कंपन्या तेरावी रांगच ठेवत नाहीत. बाराव्यानंतर थेट चौदावी! त्या अंकाने आजवर एकही स्पॉयलर अडवलेला नाही. उलट, धूम्रपानबंदी असूनही शौचालयाच्या दाराशी ॲशट्रे लागतो आणि तो मोडला तर दुरुस्तीला मुदत असते. कुणी चोरून ओढलीच, तर विडी कागदाच्या कचऱ्यात पडायला नको.

निरीक्षक टेक लॉग चाळतो तेव्हा त्याचं लक्ष एकाच बिघाडाच्या तारखांकडे असतं. मुदतीच्या शेवटच्या, दहाव्या दिवशी 'दुरुस्त' म्हणून बंद केलेली नोंद अकराव्या दिवशी त्याच शब्दांत पुन्हा उघडली असेल, तर पुढचा प्रश्न वैमानिकाला विचारला जात नाही. तो थेट देखभाल प्रमुखाच्या टेबलावर जातो.