सामायिक कथाविश्व (स्ट्रॅटेजी गेम)

एकाच विज्ञानकाल्पनिक जगात अनेक स्ट्रॅटेजी व्हिडिओ गेम घडवण्याची पद्धत. ग्रह, वंश, खनिजे आणि जुनी वैरे सगळ्या गेममध्ये तीच राहतात. काळ, नायक आणि कधी कधी खेळण्याची तऱ्हाही बदलते. नुसता ‘भाग दुसरा’ काढण्यापेक्षा हे काम अवघड. प्रत्येक गेम स्वतंत्रपणे खेळता यायला हवा आणि त्याने शेजारच्या गेमला खोटेही पाडता कामा नये.

अडचण मुळातच आहे. कादंबरीचा शेवट लेखकाच्या हातात असतो, स्ट्रॅटेजी गेमचा खेळणाऱ्याच्या. खानदेशातला दाखला घ्यायचा तर जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या ताब्यात गेला आणि फारुकी घराण्याची दोन शतकांहून अधिक काळ चाललेली सत्ता संपली. हीच मोहीम गेम म्हणून जळगाव-धुळ्याच्या पोरांपुढे ठेवली, तर त्यांतले बरेच जण फारुकींची बाजू घेऊन गड राखून दाखवतील. मग पुढच्या शतकातला दुसरा गेम कोणाच्या राज्यात सुरू करायचा?

सर्वांत रोखठोक उपाय म्हणजे एक निकाल खरा धरायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे. वेस्टवूड स्टुडिओजच्या ‘कमांड अँड कॉन्कर’मध्ये (१९९५) जीडीआय आणि नॉड या दोन्ही लढणाऱ्या बाजूंनी जिंकता येते, त्याचा पुढचा भाग ‘टायबेरियन सन’ (१९९९) मात्र जीडीआय जिंकली असे धरूनच सुरू होतो. त्याच स्टुडिओच्या ‘रेड अलर्ट’मध्ये (१९९६) आइन्स्टाइन भूतकाळात जाऊन हिटलरला नाहीसा करतो, तर स्टालिनचे रणगाडे युरोपवर चालून येतात. सोव्हिएत बाजूच्या मोहिमेत नॉडचा म्होरक्या केन डोकावून जातो, म्हणजे ‘कमांड अँड कॉन्कर’च्या जगाचीच ही आधीची कथा, असा धागा त्यात सोडलेला होता. ‘रेड अलर्ट २’ने (२०००) मित्रराष्ट्रांचा विजय धरून गोष्ट पुढे नेली, धागा सैल पडला आणि दोन निराळी जगे झाली. अशा फटी बुजवायचे काम मग चाहते आवडीने अंगावर घेतात, आणि निर्मात्यांपेक्षा जास्त चिकाटीने करतात.

या मालिकेची खरी कमाई कालरेषा नव्हे, टायबेरियम आहे. इटलीतल्या टायबर नदीकाठी उल्केसोबत आलेले हे हिरवे स्फटिक जमिनीतली खनिजे शोषत पसरत जातात. खेळताना हार्वेस्टर हे वाहन तेच गोळा करून आणते, त्याच्याच पैशातून फौज उभी राहते, आणि कथेत पृथ्वीची वाट लावणाराही तोच पदार्थ. तिजोरी आणि गोष्ट अशी एकाच खनिजात मिसळली, की पुढचा प्रत्येक गेम त्या जगातला आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

‘स्टारक्राफ्ट’ने (१९९८) वेगळी तोड काढली. तीन वंशांच्या मोहिमा एकामागून एक, एकाच कथेत ओवल्या. त्यामुळे खेळणारा आळीपाळीने सगळ्यांच्याच बाजूने जिंकतो. ‘हॅलो वॉर्स’ (२००९) नेमबाजीच्या गेमचे तयार विश्व घेऊन आला आणि मूळ कथेच्या २१ वर्षे आधी, २५३१ मध्ये घडला.

पूर्वकथेची चव सर्वांत चांगली जमली ती ‘होमवर्ल्ड’मध्ये (१९९९). रेलिक या स्टुडिओने गेमसोबत दिलेल्या पुस्तिकेत खाराक या वाळवंटी ग्रहाचा इतिहास आणि तिथली कीथ म्हणजे कुळे तपशिलाने मांडली होती. गेममध्ये मात्र तो ग्रह सुरुवातीलाच जळून जातो. पुढे ‘डेझर्ट्स ऑफ खाराक’ (२०१६) त्याच वाळवंटात, १०६ वर्षे आधी घडला. मुळात तो ‘हार्डवेअर: शिपब्रेकर्स’ या नावाने स्वतंत्र गेम म्हणून सुरू झाला होता. २०१३ मध्ये होमवर्ल्डचे हक्क गिअरबॉक्स या कंपनीकडे गेले आणि नंतर तो या विश्वात सामावला गेला. ज्या वाळूसाठी आपण झगडतो ती उद्या जळणार, हे जाणकाराला खेळताना सतत ठाऊक असते.

पॅरिसच्या ॲम्प्लिट्यूड स्टुडिओजने निकालाचा प्रश्नच उडवून लावला. ‘एंडलेस स्पेस’ (२०१२), ‘डन्जन ऑफ द एंडलेस’ आणि ‘एंडलेस लेजंड’ (दोन्ही २०१४) यांत कोण जिंकले हे पक्के केलेले नाही. समान काय, तर नाहीशी झालेली एंडलेस ही प्राचीन जमात आणि तिने मागे ठेवलेली डस्ट नावाची सोनेरी धूळ. हीच धूळ तिथले चलन आणि हीच तिथली जादू. खानदेशी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. श्रावणात कानबाई बसते तेव्हा देवी तीच, पण गाणी गावागणिक बदलतात, आणि कोणते गाणे खरे यावर कोणी भांडत बसत नाही.

खुद्द खानदेशावर असे विश्व बेतायचे झाल्यास नकाशा तयारच आहे: उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधून पश्चिमेकडे जाणारी तापी. टायबेरियमच्या जागी पाणी ठेवावे. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेरकडे दगडगोट्यांचा बझाडा पट्टा आहे. त्यात पाणी खोल मुरते, आणि वर केळीच्या बागा तेच उपसतात. हुकूम मिळाल्यावर शिपायाने अहिराणीत ‘काय शे?’ म्हणावे, परग्रहवासीयांनाही ते शोभेल. विज्ञानाची वंशावळही उसनी आणावी लागत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाची नोंद आहे, आणि त्याच दगडावर, जुन्या मराठीत, बाजारातल्या मालावरचा कर मठाला दिल्याचा तपशीलही आहे. संशोधन आणि महसूल, गेमच्या पडद्यावरच्या दोन्ही खिडक्या तिथे शेजारी कोरलेल्या आहेत.

नावे मात्र सांभाळावी लागतील. अकबराने शहजादा दानियालच्या नावावरून या मुलखाला ‘दानदेश’ म्हटले. ते नाव टिकले नाही. १९०६ मध्ये इंग्रजांनी पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे केले, १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला, आणि असीरगड व बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहेत. प्रत्येक गेमच्या नकाशावर त्या त्या काळाचे नाव लागणार. जागा ओळखायची ती तापीच्या वळणावरून.