ड्युअल क्लच ट्रान्समिशन : ड्राय आणि वेट

ड्युअल क्लच ट्रान्समिशन, अर्थात डीसीटी, हा दोन क्लच असलेला स्वयंचलित गिअरबॉक्स. याची आतली ठेवण मॅन्युअल गिअरबॉक्सच्या जवळची असते. विषम क्रमांकाचे गिअर एका क्लचकडे, सम क्रमांकाचे दुसऱ्याकडे. गाडी तिसऱ्यात असतानाच चौथा लावून तयार असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, आणि चाकांकडे जाणारा जोर जवळजवळ खंडत नाही. क्लचच्या चकत्या कोरड्या असतात की तेलात, त्यावरून ड्राय आणि वेट हे प्रकार ठरतात.

दोन क्लचची कल्पना फ्रेंच अभियंते अडोल्फ केग्रेस यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस मांडली. पोर्शेने १९८०च्या दशकात ती शर्यतीच्या गाड्यांत वापरली आणि २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर३२ मध्ये सहा गिअरचा डीएसजी आणला; डीएसजी हे फोक्सवॅगनचे डीसीटीसाठीचे नाव. तो वेट होता. ड्राय क्लचचा सात गिअरचा डीएसजी, डीक्यू२००, २००८ मध्ये आला. ड्राय म्हणजे जुने आणि वेट म्हणजे सुधारलेले, ही समजूत त्यामुळे निदान इतिहासाला धरून नाही. ड्राय आला तो लहान इंजिनांत इंधन वाचावे म्हणून. वेट क्लचला तेल फिरवणारा पंप लागतो आणि सुटलेल्या चकत्याही तेलातून फिरताना थोडी ताकद खातात. डीक्यू२०० मध्ये गिअरसाठी सुमारे १.७ लिटर तेल पुरते; सहा गिअरच्या वेट डीएसजीला, म्हणजे डीक्यू२५० ला, जवळपास ७ लिटर लागते. मात्र पहिल्याची टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, पेलण्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर, दुसऱ्याची ३५०. म्हणूनच जेटासारख्या एकाच सेडानमध्ये १.४ लिटर पेट्रोल इंजिनाला ड्राय आणि २ लिटर डिझेलला वेट गिअरबॉक्स मिळत असे.

खरा फरक उष्णतेचा आहे. नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून जोर पोचवणारा जोड, असतो, त्यामुळे ब्रेक सोडताच गाडी सहज सरकू लागते. डीसीटीला तेच क्लच अर्धवट धरून करावे लागते. चकत्या घासत राहतात आणि घासल्या की तापतात. ड्राय क्लचमध्ये ही उष्णता चकत्या दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या लोखंडात साठते आणि आजूबाजूच्या हवेत सावकाश जाते. मोकळ्या रस्त्यावर प्रत्येक घसरण क्षणभराचीच, तिथे दोन्ही प्रकारांत चालकाला फारसे वेगळे काही जाणवू नये. पण रांगेत दोन-दोन मीटर पुढे सरकणे, किंवा चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणे, यात आधीची उष्णता निघून जाण्याआधीच नवी भर पडते. मग उचल घेताना गाडी थरथरते, चकत्यांवरचे अस्तर लवकर झिजते, आणि तापमान फार वाढले तर नियंत्रक इशारा देतो किंवा क्लच सोडून देतो. वेट क्लचमध्ये पंपाने फिरणारे तेल उष्णता कूलरपर्यंत वाहून नेते, म्हणून तो असा छळ जास्त वेळ सोसतो. घर्षणाचा कचरा त्याच तेलात उतरतो, त्यामुळे तेल आणि फिल्टर वेळेवर बदलावे लागतात; डीक्यू२५० साठी नेहमीचा टप्पा ६०,००० किलोमीटरचा.

ड्राय डीसीटीच्या बदनामीचे सगळे खापर मात्र कोरड्या चकत्यांवर फोडणे अन्यायाचे होईल. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या, त्या सात गिअरच्या डीएसजीतले सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरण्यासाठी. दोष मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर आणि क्लच हलवणाऱ्या, नियंत्रणाच्या विजेशी जोडलेला होता. फोर्डच्या फिएस्टा आणि फोकसमधल्या पॉवरशिफ्ट नावाच्या ड्राय डीसीटीच्या थरथरीमागे इनपुट शाफ्टच्या सीलमधून गळणारे तेलही होते: कोरडा राहायला हवा तो क्लच ओला होत होता! पॉवरशिफ्टच्या तक्रारी ज्या रीतीने हाताळल्या, त्याबद्दल ऑस्ट्रेलियातील फेडरल न्यायालयाने २०१८ मध्ये फोर्डला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला.

इंधन-बचतीतली ड्रायची आघाडीही आता घटली आहे. वेटमधला तेलाचा पंप इंजिनाऐवजी विजेवर चालवला की तो गरजेपुरताच फिरतो. ह्युंदाईने सात गिअरच्या ड्राय डीसीटीनंतर जास्त ताकदीच्या इंजिनांसाठी आठ गिअरचा वेट आणला, त्यात विजेवरचे पंप आहेत. मोठा टॉर्क, भरलेली गाडी आणि रोजची कोंडी असेल तर वेटचीच निवड योग्य. छोटे इंजिन आणि बहुतेक मोकळा रस्ता असेल तर ड्राय पुरतो आणि हलकाही पडतो. हायब्रिडमध्ये तर हिशेबच बदलतो. २०१६ च्या ह्युंदाई आयोनिक हायब्रिडला सहा गिअरचा ड्राय डीसीटी दिला होता. विजेची मोटर शून्य फेऱ्यांपासूनच जोर देते, त्यामुळे गाडी हलवताना क्लच घासत ठेवण्याची वेळ कमी येते.