क्लॅरिनेटच्या सावलीतला सॅक्सोफोन

१९३०-४० च्या दशकांतल्या अमेरिकन बँडप्रमुख ग्लेन मिलरच्या बँडचं स्विंग, म्हणजे नाचासाठीचं जॅझ संगीत, आजचा एखादा वाद्यवृंद रंगमंचावर हुबेहूब वाजवायला बसतो, तेव्हा मध्यंतरात एक वाक्य हमखास कानावर येतं: "छान वाजवतात, पण रेकॉर्डची मजा नाही." मग कुणी जुन्या पितळेचे गुण गातं, कुणी तबकडीच्या खरखरीचे. मला वाटतं, खरं कारण दोन वाद्यांच्या नळ्यांत आहे.

मिलरची 'मूनलाइट सेरेनेड' ही धून ऐका, एप्रिल १९३९ मध्ये मुद्रित झालेली. चाल क्लॅरिनेटवर आहे, हे कुणीही सांगेल. पण तीच चाल एक सप्तक खाली टेनर सॅक्सोफोनही वाजवत असतो. दोघांच्या मधल्या जागेत उरलेले तीन सॅक्सोफोन साथीचे स्वर भरतात. तरी टेनर वेगळा ऐकूच येत नाही. कुठे जातो तो?

तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार ज्यांनी ऐकलाय, त्यांना हे ठाऊक असतं की एका स्वराच्या पोटात अनेक उपस्वर असतात. टेनरनं ३०० हर्ट्झचा स्वर लावला, तर त्यात ६००, ९००, १२००, १५०० असे सगळ्या पटींचे उपस्वर येतात, कारण त्याची नळी शंकूसारखी रुंदावत जाते. क्लॅरिनेटची नळी जवळजवळ एकसारख्या रुंदीची आणि फुंकायच्या टोकाला बंद. बंद नळीचा शाळेतला नियम आठवा: विषम पटी बळकट. तो ६०० वर वाजला की त्यात १८०० आणि ३००० येतात. चढ्या स्वरांत १२०० आणि २४०० सुद्धा बऱ्यापैकी डोकावतात, पण हिशोब बिघडत नाही. कारण क्लॅरिनेटचा एकही उपस्वर टेनरच्या यादीबाहेर पडत नाही! अशी नेमक्या पटींची शिडी मिळाली की आपला कान ती एकाच वाद्याची मानतो. पेटीला कपलर लावल्यावर एका पट्टीखाली दोन स्वर वाजतात, पण ऐकू येतो एकच भरदार स्वर, तसंच हे. क्लॅरिनेटची झळाळी आणि टेनरचं अंग मिळून तिसरंच वाद्य तयार होतं.

पेटीच्या पट्ट्या आपापल्या जागी पक्क्या असतात. इथे मात्र दोन माणसं फुंकत असतात. क्लॅरिनेट ६०० ऐवजी ६०२ वर गेला, तर टेनरच्या ६०० शी त्याची सेकंदाला २ हेलकाव्यांची कुरबुर सुरू होते. १८०० जवळ तेच ६ हेलकावे, ३००० जवळ १०. त्यात कंपनाचा, म्हणजे लावलेला स्वर मुद्दाम थरथरवण्याचा, प्रश्न. एकत्र हलणाऱ्या गोष्टी कान एकत्र बांधतो, म्हणून दोघांच्या स्वरातली थरथर एका चालीनं व्हायला हवी. अभिजात संगीत शिकलेले क्लॅरिनेटवादक सहसा स्वर स्थिर ठेवतात. टेनर थरथरतो, क्लॅरिनेट सरळ जातो आणि जुळलेला स्वर उसवतो. कागदावरचं नोटेशन दोन्ही वेळा तेच असतं.

मूळ कागद नसतील, तर रेकॉर्डवरून उतरवून घेताना हाच मिलाफ आडवा येतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर वरचे उपस्वर आधीच बोथट झालेले, आणि टेनर तर क्लॅरिनेटच्या सावलीत. उतरवणारा त्याला सहज दुसराच स्वर देऊन बसतो.

जुन्या रेकॉर्डच्या मजेचं आणखी एक कारण सांगितलं जातं: वाद्यं ज्या 'ए' स्वराला जुळवतात तो तेव्हा ४३२ हर्ट्झला लावलेला असे, म्हणून ते संगीत मन शांत करी, असे संदेश फिरतात. त्यांवर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत तेव्हा ४४० रूढ होतंच, आणि हा स्वर ठरवण्यासाठी भरलेल्या १९३९ च्या लंडन परिषदेनं त्याचीच शिफारस केली.

राहिला मायक्रोफोन. त्या काळी नृत्यगृहांत मोजके माइक असत, मुख्यतः गायकासाठी. वादक आपला तोल कानानंच सांभाळत. आज प्रत्येकापुढे एक माइक, आणि ध्वनियंत्रणेवरचा माणूस चाल उठावी म्हणून क्लॅरिनेट वर चढवतो. टेनर खाली राहतो, आणि क्लॅरिनेटचं अंगच जातं. असा कार्यक्रम ऐकायला गेलात, तर डोळे मिटून टेनर शोधा. तो सापडला नाही, पण वाजायचा थांबल्यावर चाल एकदम किरकोळ वाटली, तर समजा, त्या रात्री बँडला जमलंय.