व्हिडिओ 'आपोआप' फिरत नाही

"आपल्या साहेबांचा व्हिडिओ आपोआप फिरालाय बघ, भावा." मिरजकर तिकटीला चहा घेताना मित्राने मोबाईल पुढे केला. त्याच्या त्या 'आपोआप'नं मला हा लेख लिहायला बसवलं.

तेवढ्यात शेजारून प्रचाराची रिक्षा गेली. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की भोंग्याच्या आवाजाची तीव्रता एक चतुर्थांश उरते, म्हणून तिला गल्लोगल्ली फिरावंच लागतं. रेडिओने अंतराची ही अडचण संपवली. ३ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झालेली पंतप्रधानांची 'मन की बात' एकाच वेळी देशभर पोचते, पण ऐकणाऱ्याशीच थांबते. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र ऐकणाराच पुढचा भोंगा होतो.

इथलं गणित मला फार आवडतं. एक माणूस सरासरी जितक्या नव्या माणसांना व्हिडिओ पोचवतो, त्या संख्येला गुणक म्हणू. गुणक १.१ असेल तर तिसाव्या पायरीवर एकाचे साडेसतरा होतात. ०.९ असेल तर हजारांचे जेमतेम बेचाळीस उरतात. इंटरनेटवरच्या बहुतेक मजकुराची साखळी अशीच विझते, तीही एकदोन कड्यांत.

पण विझणाऱ्या साखळीचीही बेरीज करून पाहा. १००० + ९०० + ८१० + ७२९... ही भूमिती श्रेढी. तिची बेरीज १००० ÷ (१ − ०.९), म्हणजे १०,०००! सुरुवात दहा हजारांपासून केली तर एक लाख. गुणक तोच, वाढली ती फक्त पेरणी. पक्ष बूथवार ग्रुप बांधतात ते याचसाठी. व्हिडिओ एकाहून जास्त गुणकाचा निघेल की नाही हे आधी कुणालाच सांगता येत नाही, पेरणी मात्र हातात असते.

'हा मेसेज अकरा जणांना पाठवा, नाहीतर संकट येईल' हा भीती दाखवून गुणक वाढवण्याचाच प्रकार. पूर्वी तो पोस्टकार्डावर यायचा. कार्ड फाडणाऱ्यांचं काही वाकडं झालं नाही, तुमचंही होणार नाही. खुशाल पुसून टाका.

अफवेचा गुणक मात्र जीव घेतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून पाच किंवा जास्त हात फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीनेच सांगितलं. आपल्या गणितात गुणक ०.९ वरून ०.५ वर आला, तर हजारांच्या पेरणीतून दहा हजारांऐवजी दोनच हजार उगवतात.

इतक्या हातांतून आलेल्या मेसेजवर दुहेरी बाण असतो, साध्या फॉरवर्डवर एकेरी. मित्राच्या मोबाईलवर तालमीचा, गल्लीचा, गणेश मंडळाचा असे तिन्ही ग्रुप आम्ही उघडले. साहेबांचा व्हिडिओ तिन्हीकडे सकाळी नऊच्या सुमारास आला होता. एकावरही बाण नव्हता.