डागापुरता मेकअप कसा आला

चेहऱ्यावरच्या नेमक्या डागावर त्वचेच्याच रंगाचा मेकअप लावून तो दिसेनासा करायचा, ही सोय सर्वसामान्यांच्या हाती येऊन जेमतेम शंभर वर्षं झाली. त्याआधी लोक एकतर अख्खा चेहरा रंगवत, नाहीतर डागावर काहीतरी चिकटवून मोकळे होत.

चिकटवण्याची रीत रोमन काळापासूनची. कवी मार्शलने एका नवश्रीमंताची टर उडवली आहे. स्वारी भारी कपड्यांत नाट्यगृहात पुढच्या रांगेत बसली आहे, कपाळावर टिकल्याच टिकल्या. मार्शल म्हणतो, त्या काढा, म्हणजे हा कोण ते वाचता येईल. खाली गुलामीच्या काळात डागलेली अक्षरं होती. पुढे सतराव्या शतकात देवीचे व्रण झाकायला युरोपात काळ्या रेशमाच्या, मखमलीच्या टिकल्या आल्या आणि बघता बघता त्यांचीच फॅशन झाली. १७११ च्या सुमारास लंडनमध्ये तर व्हिग आणि टोरी पक्षांच्या समर्थक बायका कपाळाच्या वेगवेगळ्या बाजूंना टिकल्या लावतात, अशी थट्टा छापून आली होती.

रंगवणाऱ्यांचा भर सफेद्यावर, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या भुकटीवर. ती व्रण छान बुजवायची, पण त्वचेची नासाडी करायची; मग ते लपवायला आणखी एक थर. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिला १५६२ मध्ये देवी आल्या हे पक्कं. तिच्या जाड पांढऱ्या मुखवट्याच्या कथा मात्र जपूनच घ्याव्यात. १७६० मध्ये तिशीच्या आत गेलेल्या काउंटेस ऑफ कॉव्हेंट्रीच्या मृत्यूचं खापर लोकांनी सफेद्यावरच फोडलं.

गंमत म्हणजे शिशाविना काम भागत होतं. २००३ मध्ये लंडनच्या उत्खननात रोमनकालीन कथिलाची डबी सापडली. आत पांढरं क्रीम होतं आणि झाकणावर बोटांचे ठसे. क्रीम चरबी, स्टार्च आणि कथिलाच्या ऑक्साइडचं निघालं.

विसाव्या शतकात टायटॅनियम डायऑक्साइड आलं. पातळ थरातही झाकणारं आणि शिशासारखं विषारी नसलेलं हे रंगद्रव्य मिळाल्यावर त्यात लोहाच्या ऑक्साइडचे पिवळे, तांबडे, काळे रंग मिसळून त्वचेची छटा जुळवणं सोपं झालं. मॅक्स फॅक्टर कंपनीचा 'पॅन-केक' मेकअप १९३० च्या दशकात रंगीत चित्रपटांसाठी तयार झाला आणि तिथून घरोघरी गेला. पण डागांच्या दृष्टीने मला लिडिया ओ'लिअरी जास्त महत्त्वाची वाटते. तिच्या चेहऱ्यावर जन्मजात लाल-जांभळा डाग होता. तो झाकायला तिने स्वतःच 'कव्हरमार्क' हे क्रीम बनवलं आणि १९३२ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. ब्रिटनमध्ये रेड क्रॉसने १९७५ पासून भाजल्याचे व्रण, कोड असलेल्यांना असा मेकअप शिकवायला सुरुवात केली. २०११ मध्ये हे काम 'चेंजिंग फेसेस' संस्थेकडे गेलं.

छटांच्या बाबतीत मात्र गडद त्वचेच्या लोकांची फार काळ उपेक्षा झाली. २०१७ मध्ये फेंटी ब्यूटी या मेकअप कंपनीने एकदम ४० छटांचं फाउंडेशन आणलं, तेव्हा कुठे इतर कंपन्यांना आपल्या छटा वाढवणं भाग पडलं.