प्लस तोडायचा की मायनस? ट्रान्झिस्टर स्विचची पार्श्वभूमी

जुन्या रेडिओत आवाजाचं बटण पूर्ण उलटं फिरवलं की ‘टक्’ व्हायचं आणि बॅटरीची जोडणी खरोखर तुटायची. बंद म्हणजे बंद. त्या काळचे बरेच जर्मेनियम ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचे असत, त्यामुळे कित्येक संचांत बॅटरीचा प्लसच ग्राउंड, म्हणजे सगळ्या सर्किटची सामाईक तार, असे. पुढे सिलिकॉनचे एनपीएन, म्हणजे उलट ध्रुवांवर चालणारे ट्रान्झिस्टर, स्वस्त झाले आणि मायनसला ग्राउंड म्हणायची सवय पडली.

2005 मध्ये आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारी छोटी बोर्डं, आलं आणि घरगुती प्रकल्प बॅटरीवर चालू लागले. त्यातलं उनो बोर्ड नुसतं चालू ठेवलं तरी 45-50 मिलिअँपिअर खातं. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी साधारण 500 मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे दहा तासांत खलास. बोर्डावरची मुख्य चिप सुटी वापरून झोपवली तर मायक्रोअँपिअरवर येते, पण जोडलेले सेन्सर जागेच राहतात. त्यांची वीज तोडायला ट्रान्झिस्टर हवा, म्हणजे चिपच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच. तो कुठल्या तारेत लावायचा, यावर अजून एकमत नाही.

बहुतेकांनी मायनस तोडला, कारण त्याला लागणारा बीसी547 हा छोटा एनपीएन स्वस्त आणि कुठेही मिळणारा. रिले, छोटी मोटर, एलईडी पट्टी यांना ते चालतं, फक्त प्रवाह जास्त असेल तर ट्रान्झिस्टर मोठा घ्यावा. सेन्सरला मात्र ते चूकच, असं माझं मत आहे. त्याचा प्लस जोडलेलाच राहतो आणि प्रवाह डेटाच्या तारेतून परतीची वाट काढतो. सेन्सरवरचा लाल एलईडी विझायच्या ऐवजी मिणमिणत राहतो, तो याचमुळे.

प्लस तोडायला पी-चॅनेल मॉसफेट लागतो. हा ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार: सोर्स आणि ड्रेन या दोन पायांमधून प्रवाह जातो आणि गेट या तिसऱ्या पायावरच्या व्होल्टेजने तो चालू-बंद होतो. त्यात प्रवाह होल, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, वाहून नेतात; सिलिकॉनमध्ये त्या इलेक्ट्रॉनांपेक्षा मंद सरकतात, म्हणून तेवढ्याच रोधासाठी चिप मोठी करावी लागते आणि किंमत चढते. शिवाय आयआरएफ9540 सारखे जुने मॉसफेट पूर्ण उघडायला गेटवर 10 व्होल्ट मागतात, लिथियम सेलचे 3.7 त्यांना पुरत नाहीत. एओ3401 सारखे छोटे मॉसफेट अडीच व्होल्टलाही उघडतात, आणि तिथे ही सबब संपली. सोर्स बॅटरीकडे, ड्रेन लोडकडे, गेट ते सोर्स 100 किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे इशारा नसताना मॉसफेट बंद राहतो. सोर्स-ड्रेन उलटे लागले तर आतला डायोड प्रवाह जाऊ देतो आणि स्विच कधीच बंद होत नाही. प्लस तोडल्यावर चिपच्या डेटाच्या पिना लो, म्हणजे शून्य व्होल्टवर, करायच्या, नाहीतर त्यांतूनच सेन्सरला वीज मिळत राहते.

अलीकडे याच मॉसफेटला एक एनपीएन जोडून अख्खं बोर्डच बंद करतात. बटण दाबलं की गेट खाली ओढलं जातं, चिप जागी होते आणि पहिल्याच ओळीत एनपीएन चालू करून गेट धरून ठेवते. काम झालं की ती स्वतःच ते सोडते.